कंबरलंड बेटावर जरूर जा, पण सहल काढून नको: मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सहल समित्यांचे सर्व कार्यकर्ते,
जॉर्जिया, फ्लोरिडा आणि दोन्ही कॅरोलायनांतील मराठी मंडळं

सप्रेम नमस्कार.

यंदाची वार्षिक सहल कंबरलंड बेटावर न्यायचं एक-दोन मंडळांत घाटतं आहे, असं कानावर आलं. बसने सेंट मेरीज, तिथून बोट, दुपारी झाडाखाली जेवण, मग मुलांचे खेळ, अंताक्षरी आणि संध्याकाळी परत, असा बेत दिसतो. साठेक नावंही जमली आहेत म्हणे.

मी या किनाऱ्यालगत राहते आणि या बेटावर माझा जीव आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुम्ही तिथे जाऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही, उलट जाच. पण साठ जणांनी एका दिवशी जाऊ नका. आठ-दहा जणांनी जा, वेगवेगळ्या दिवशी जा आणि जाण्याआधी त्या जागेबद्दल थोडं वाचा. या बेटावर दिवसाला साधारण तीनशेच पाहुणे सोडतात. साठ म्हणजे त्या दिवसाच्या गर्दीतला पाचवा हिस्सा एकट्या आपलाच.

कंबरलंड हे जॉर्जियाचं सगळ्यात दक्षिणेकडचं आणि सगळ्यात मोठं बॅरिअर बेट. सुमारे २८ किलोमीटर लांबीची ही पट्टी समुद्राचा मार स्वतःच्या अंगावर घेते आणि तिच्या आडोशाला मुख्य भूमीपर्यंत खाजण पसरलेलं असतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जेवढं खाजण उरलं आहे त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश एकट्या जॉर्जियात आहे. इथे भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या वर जातो. भरतीला नुसतं हिरवं गवत दिसतं, ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो, कालवांचे थर वर येतात आणि बगळ्यांची रांग उतरते. बोटीचा पाऊण तासाचा प्रवास याच पाण्यातून होतो. त्या वेळात फोन खिशात ठेवला तर डॉल्फिन दिसण्याची बरीच शक्यता असते.

बेटावर दुकान नाही, हॉटेलच्या रांगा नाहीत, पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. पाणी काही ठिकाणी मिळतं, खायचं सगळं आपलं आपण न्यायचं आणि कचराही आपणच परत आणायचा. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर स्वतःच्या खर्चाने दुसरी बोट ठरवावी लागते. सी कॅम्पच्या धक्क्यावरून समुद्राकडे जाणारी वाट लाइव्ह ओकच्या झाडांखालून जाते. त्यांच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेलेल्या असतात आणि त्यांवर स्पॅनिश मॉसच्या राखाडी झुंबरं लोंबतात. नावात शेवाळ असलं तरी ही वनस्पती अननसाच्या कुळातली आहे. खाली पामेटो या बुटक्या ताडांचे पंखे. मग एकदम वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या पलीकडे रुंद, ओला, मोकळा किनारा.

हा किनारा मोकळा राहिला तो आपोआप नाही. १९६८ च्या सुमारास साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड या बेटाचा विकास करणाऱ्या चार्ल्स फ्रेझर यांनी इथली तीन हजार एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली होती आणि इथेही तसंच रिसॉर्ट उभं करायचं ठरवलं होतं. बेटावरच्या जमीनमालक कुटुंबांनी आणि निसर्गप्रेमींनी विरोध केला, जमीन सोडवून घेतली गेली आणि १९७२ मध्ये कंबरलंड आयलंड नॅशनल सीशोअर, म्हणजे संरक्षित राष्ट्रीय किनारा, अस्तित्वात आलं. १९८२ मध्ये उत्तरेकडच्या मोठ्या भागाला वन्यक्षेत्राचं कायदेशीर संरक्षण मिळालं. काही कुटुंबांकडे राहण्याचे हक्क अजून आहेत, म्हणून मधूनच एखादी गाडी वाटेने जाताना दिसेल. तिच्याकडे पाहून ‘मग आपल्यालाच का नाही’ असा प्रश्न मुलं विचारतील. त्यांना हा इतिहास सांगा.

आता कासवांबद्दल, कारण माझ्या आग्रहाचं सगळ्यात मोठं कारण तीच आहेत.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर लॉगरहेड जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. शंभर किलोहून जड मादी रात्री लाटांतून वर सरकते, टेकडीच्या पायथ्याशी मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि परत जाते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. वाळू किती तापली त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. ऊन जास्त तर माद्या जास्त. या माद्या पहिल्यांदा अंडी घालतात तेव्हा तिशीच्या आसपास असतात. थोडक्यात, आज वाचवलेल्या पिल्लाचं फळ दिसायला एक पिढी जावी लागते.

आणि ते दिसलं आहे. २००४ साली साऱ्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर लॉगरहेडची चारशेपेक्षा कमी घरटी सापडली होती. २०२२ मध्ये तीच संख्या चार हजारांच्या पुढे गेली. यामागे कुठलीही जादू नाही. कोळंबीच्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासव बाहेर पडू शकेल अशी खिडकी बसवणं सक्तीचं झालं, आणि रोज पहाटे किनाऱ्यावर फिरून प्रत्येक घरटं शोधणारी, त्यावर जाळी ठोकणारी माणसं वर्षानुवर्षं राबत राहिली. ही जाळी रॅकून आणि रानडुकरांपासून अंडी वाचवण्यासाठी असते. तुम्ही गेलात तर टेकडीच्या पायथ्याशी खुंट्या आणि सपाट बसवलेली जाळी दिसेल. तिच्याखाली हातभर खोल अंडी असतात. वरून मात्र काहीच दिसत नाही, नुसती वाळू. त्यामुळे मुलं नेमकी तिथे धावतात.

आपल्याला हे नवं नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली. तुमच्यापैकी अनेकांनी सुट्टीत तिथे जाऊन दोरीच्या मागे उभं राहून पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील. तिथे दोरीच्या पुढे कोणी जात नाही, आणि कोणी गेलाच तर गावातली बाईमाणसंच त्याला मागे बोलावतात. कंबरलंडवर तशी दोरी धरून उभं राहणारं गाव नाही. मोजके कर्मचारी आणि २८ किलोमीटर किनारा. दोरीचं काम आपल्यालाच करायचं आहे. मुलांनी वाळूत खणलेले खड्डे निघण्यापूर्वी बुजवावेत, कारण रात्री वर आलेली मादी किंवा समुद्राकडे निघालेलं पिल्लू त्यात अडकतं. मुक्काम केलात तर किनाऱ्यावर पांढरा टॉर्च नको. पिल्लं उजेडाकडे वळतात.

पक्ष्यांचंही तसंच. लीस्ट टर्न आणि विल्सन्स प्लोव्हर उघड्या वाळूवर, नुसत्या खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूसारखाच. वसंतात रेड नॉट नावाचे पक्षी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून उत्तर ध्रुवाकडे जाताना याच किनारपट्टीवर पोट भरायला थांबतात. त्यांना प्रत्येक घास हवा असतो. थवा दिसला की त्यात धावत जाऊन सगळे पक्षी एकदम उडताना व्हिडिओ काढायचा मोह होतो, आणि जितकी माणसं जास्त तितक्या वेळा तो थवा उडतो. आठ माणसं बाजूने वळसा घालून जाऊ शकतात. साठ माणसांना ते जमत नाही, कितीही सांगितलं तरी. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, मोठ्या घोळक्याचा स्वभावच तसा असतो.

घोडे. बहुतेक जण घोडे बघायलाच येतात, आणि ते खरंच देखणे दिसतात: पडक्या वाड्यासमोर चरणारी घोडी आणि तिच्या पोटाशी शिंगरू. दीडशेच्या आसपास घोडे बेटावर मोकळे फिरतात. ते स्पॅनिश काळापासूनचे, अशी गोष्ट सांगितली जाते, पण आजचा कळप मुख्यतः नंतरच्या काळात आणलेल्या पाळीव घोड्यांचा वंश आहे. त्यांना कोणी चारा घालत नाही, आजारी पडले तर औषध नाही. ते टेकड्या धरून ठेवणारं सी ओट्सचं गवत आणि खाजणातलं गवत खातात. गवत गेलं की वाळू सुटते. माझं मत विचाराल तर हा कळप हळूहळू कमी व्हायला हवा, घोड्यांच्या भल्यासाठीसुद्धा. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण दोन गोष्टींबद्दल वाद नसावा: त्यांना पोळी-भाजी, सफरचंद काहीही द्यायचं नाही आणि पन्नास फूट लांब उभं राहायचं. खायला मिळतं हे एकदा कळलं की घोडा माणसाच्या पिशवीत तोंड घालतो, चावतो, लाथ मारतो.

इतिहासाबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. आपल्याकडे या बेटाचा इतिहास म्हणजे कार्नेगींचा जळका वाडा आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी ज्युनिअर याचं लग्न, एवढ्यावर उरकला जातो.

वाड्याचं नाव डंजनेस. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा भाऊ थॉमस याने १८८४ मध्ये तो बांधायला घेतला. दोन वर्षांत थॉमस वारला आणि त्याची पत्नी ल्युसी हिने नऊ मुलांसह पुढची कित्येक वर्षं बेटाचा बहुतेक भाग ताब्यात ठेवला. १९५९ मध्ये वाडा जळाला. आज भिंती आणि धुराडी उरली आहेत. फोटो काढून झाले की लोक वळतात आणि शेजारचं छोटं, दणकट घर बघायचं राहून जातं. ते टॅबीचं, म्हणजे शिंपल्यांच्या काँक्रीटचं, घर आहे, साधारण १८०० सालचं. तिथे जा आणि भिंतीजवळ डोळे न्या. भिंतीत अख्खे शिंपले दिसतील, काही उलटे, काही तुटलेले, मध्ये मळकट पांढरा गिलावा. शिंपले जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आणखी शिंपले कालवून साच्यात ओतायचं, सुकलं की साचा वर सरकवायचा. कोकणातल्या जुन्या घरांसाठी शिंपल्यांचा चुना भाजत, तसंच हे काम.

ते शिंपले कुठून आले? या किनाऱ्यावर युरोपीय येण्यापूर्वी शेकडो वर्षं तिमुक्वा लोक राहत होते. त्यांनी खाल्लेल्या कालवांच्या शिंपल्यांचे मोठमोठे ढीग जागोजाग साठले होते. १५८७ मध्ये इथे सॅन पेद्रो दे मोकामा हे स्पॅनिश मिशन उभं राहिलं. मग रोगराई आणि लढायांत ते लोक संपत गेले आणि ढीग तेवढे उरले. टॅबीसाठी असे ढीग फोडून शिंपले वापरले जात. आणि ते फोडणारे, जाळणारे, साच्यात भरणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि त्यांच्या मुला-नातवांचे होते. एका भिंतीत दोन समाज आहेत, दोघांचंही नाव त्यावर नाही. आपल्या मुलांना मला हेच दाखवावंसं वाटतं. जळका वाडा कुठूनही दिसतो.

अमेरिकन क्रांतीतले सेनानी नॅथनेल ग्रीन यांच्या कुटुंबाचा जुना वाडाही इथेच होता. यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांचे वडील हेन्री ली १८१८ मध्ये इथेच वारले. १९१३ मध्ये त्यांचे अवशेष व्हर्जिनियाला नेले. त्याआधी १८१५ मध्ये ब्रिटिश नौदलाने हे बेट ताब्यात घेतलं, तेव्हा आसपासच्या मळ्यांतले शेकडो गुलाम होड्यांनी इथे पोहोचले, कारण ब्रिटिश जहाजावर पाय ठेवला की सुटका होती. त्यांतले कित्येक पुढे नोव्हा स्कॉशियाला आणि त्रिनिदादला गेले. सेंट मेरीजहून बोटीत बसाल तेव्हा हे लक्षात असू द्या, कारण हीच खाडी, हेच पाणी.

पुढे रॉबर्ट स्टॅफर्ड या मळेवाल्याकडे तीनशेहून अधिक गुलाम होते. ते पिकवत होते सी आयलंड कापूस, लांब धाग्याचा आणि बाजारात सगळ्यात महाग. त्यांच्या झोपड्या गेल्या, चुलींची धुराडी उरली. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या काही कुटुंबांनी बेटाच्या उत्तर टोकाला वस्ती केली आणि १८९३ मध्ये फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च स्थापन केलं. आजची इमारत १९३० च्या दशकातली. लाकडी, पांढरी, एका खोलीची. १९९६ मध्ये इथेच ते गाजलेलं लग्न झालं. पाहुणे खिडकीतून डोकावतात, लग्नाबद्दल बोलतात आणि जातात. कालपर्यंत ज्यांना स्वतःच्या पोराबाळांवरही हक्क नव्हता, त्यांनी स्वतःसाठी उभी केलेली जागा म्हणजे हे चर्च. आपण महात्मा फुल्यांच्या राज्यातली माणसं. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या चर्चच्या दारात आपण नुसते पर्यटक म्हणून उभे राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

हे चर्च धक्क्यापासून इतकं दूर आहे की चालत एका दिवसात जाऊन येणं बहुतेकांना झेपणार नाही. पार्कतर्फे व्हॅनने उत्तर टोकाची फेरी असते, तिच्यात जागा मोजक्याच असतात. साठ जणांच्या सहलीत हे चर्च कोणालाच दिसणार नाही. सगळे सी कॅम्प आणि डंजनेसमध्ये अडकतील आणि बेट बघितलं असं म्हणत परततील.

तीनशेच्या मर्यादेबद्दल. १९८० च्या दशकातल्या आराखड्यापासून ही मर्यादा चालत आली आहे. २०२२ मध्ये ती दुपटीहून जास्त करण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यावर बरंच वादंग झालं. ‘सरकारी जागा आहे, कर आम्हीही भरतो, मग मोजक्यांनाच का?’ हा प्रश्न मला वाजवी वाटतो. एका श्रीमंत घराण्याने अनेक दशकं आपल्यापुरतं ठेवलेलं बेट पुन्हा मोजक्यांचंच राहावं, ही कल्पना खटकते, आणि बोटीचं भाडं चार जणांच्या कुटुंबाला हलकं नाही. तरीही आकडा वाढवणं हे त्यावरचं उत्तर नाही. त्या तीनशेत कोण असावं, हे बदलायला हवं. शाळेतल्या मुलांसाठी, या किनाऱ्यावरच्या गिची समाजासाठी (गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज), कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांचं भाडं कमी असावं. आपण लेखी म्हणणं मांडलं तर उपयोग होतो. रॉकेट सोडणारं अंतराळतळ मुख्य भूमीवर उभारायचा घाट कॅम्डेन काउंटीने घातला होता. मार्च २०२२ मध्ये तिथल्याच मतदारांनी तो मोठ्या बहुमताने हाणून पाडला. रॉकेटं याच बेटाच्या डोक्यावरून जाणार होती.

आता कामाचं बोलते. मोठी सहल हवी असेल तर जेकिल बेट निवडा. तिथे पूल आहे, वाहनतळ, स्वच्छतागृहं, जेवणाची टेबलं, सगळं आहे, आणि तिथला बहुतेक भाग बांधकामापासून कायद्याने राखलेला आहे. तिथे साठ काय, दीडशे जण आले तरी कोणाचं काही अडत नाही. कंबरलंडसाठी मंडळाने वर्षभराचं वेळापत्रक करावं, दर खेपेला दोन-तीन कुटुंबं. बोटीची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढावी लागतात, म्हणून हे काम समितीनेच हाती घेणं बरं. हिवाळा उत्तम, कारण डास आणि गोचीड कमी, आणि डिसेंबर ते मार्च या किनाऱ्याजवळ नॉर्थ अटलांटिक राइट व्हेलच्या माद्या पिल्लांना जन्म द्यायला येतात. जगात चारशेपेक्षाही कमी उरलेल्या या देवमाशांचा फवारा क्वचितच दिसतो, तरी दिसतो. उन्हाळ्यात गेलात तर भरपूर पाणी, टोपी आणि पायमोजे चढवून जा. ज्येष्ठांना घेऊन जाताना धक्क्यापासून समुद्रापर्यंत चालावं लागेल हे आधी सांगा. स्पीकर घरी ठेवा. आणि मुलांना शार्कचे दात शोधू द्या. खाडीतून उपसलेला गाळ रस्त्यांवर टाकलेला असतो, त्यात काळे, चकचकीत, नखाएवढे दात मिळतात आणि ते घरी न्यायला परवानगी आहे. याच्या नादात मुलं दोन तास खाली मान घालून शांत असतात, हे मी पाहिलं आहे.

ज्या समितीला वेळापत्रक करायचं असेल, किंवा पार्क सेवेला पाठवायच्या पत्राचा मसुदा हवा असेल, तिच्यासाठी तो मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून देईन. पहिल्या दोन-तीन खेपांना सोबत येऊन टॅबीचं घर आणि उत्तरेकडचं चर्च दाखवायची माझी तयारी आहे. पुढच्या सभेत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते कळवा.

आपली,
जॉर्जियाच्या किनाऱ्यावर राहणारी एक मंडळ-सदस्य